पोटातला गोळा

काही महिन्यांपूर्वी विज्ञान-शिक्षकांच्या एका शिबिरात पचनसंस्थेवर बोलण्याची जबाबदारी माझ्याकडे आली होती. तक्ता लावून जठर, लहान आतडे, मोठे आतडे यांची कामे सांगून झाली. प्रश्नोत्तरे सुरू झाली तेव्हा मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, "सर, आमच्या नववीच्या वर्गात एक मुलगी आहे. चाचणी असली की सकाळपासून तिच्या पोटात कळा येतात, दोन-तीनदा शौचाला जावे लागते. एरवीही आठवड्यातून एखादा दिवस पोट दुखतेच. घरच्यांनी रक्त तपासले, शौच तपासले, सोनोग्राफी केली. सगळे नॉर्मल! आता घरचे म्हणतात, ही नाटके करते. डॉक्टर म्हणतात, काही नाही, मनावर घेऊ नका. मी तिला काय सांगू?"

सभागृहात थोडे हसू उमटले. बाई मात्र हसत नव्हत्या. त्या वेळी मी काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच अपुरे वाटले. हा लेख म्हणजे त्यांच्या प्रश्नाचे जरा सावकाश दिलेले उत्तर आहे.

प्रश्नाचा गाभा असा आहे : तपासणीत काही सापडत नसेल, तर दुखणे खरे कसे? आणि ते खरे असेल, तर चाचणीच्याच दिवशी का वाढते?

भाषेला आधीच ठाऊक होते

निकालाच्या दिवशी आपल्या पोटात भीतीचा गोळा उठतो. लेक सासरी निघाली की आईच्या पोटात कालवते. एखादी वाईट बातमी ऐकली की पोटात खड्डा पडतो. कळकळीने बोलणारा माणूस पोटतिडकीने बोलतो. मन आणि पोट यांचे काही नाते आहे, हे बोलीभाषेने शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ओळखले होते.

हे नाते बिघडले की होणाऱ्या विकारांपैकी सर्वांत परिचित विकाराला 'इरिटेबल बाउल सिंड्रोम', थोडक्यात 'आयबीएस', म्हणतात. मराठीत 'चिडक्या आतड्याचा विकार' म्हणायला हरकत नाही. त्याचे निकष ठरलेले आहेत. गेल्या तीन महिन्यांत सरासरीने आठवड्यातून किमान एक दिवस पोटात दुखणे, आणि जोडीला पुढील तीनपैकी किमान दोन गोष्टी : दुखण्याचा शौचाशी संबंध असणे, शौचाला जाण्याच्या संख्येत बदल होणे, मलाच्या घट्ट-पातळपणात बदल होणे. तक्रार सुरू होऊन किमान सहा महिने झालेले असावेत. (मुलांसाठीचे निकष थोडे वेगळे आहेत.) कोणाला जुलाबाचा त्रास होतो, कोणाला बद्धकोष्ठाचा, तर कोणाला आलटून पालटून दोन्ही.

हा विकार दुर्मीळ मुळीच नाही. ३३ देशांतील ७३ हजारांहून अधिक लोकांची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. इंटरनेटवरून केलेल्या पाहणीत शंभरातील सुमारे चार जण या निकषांत बसले. घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत हे प्रमाण दीड टक्का आले. आपल्याकडे यांपैकी कितीतरी जण वर्षानुवर्षे 'जुनी आव आहे' असे समजून औषधे घेत असतात.

जखमेच्या खिडकीतून

मनाचा पोटावर परिणाम होतो हे प्रत्यक्ष दिसले ते एका अपघातामुळे. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॉ बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला जवळून बंदुकीची गोळी लागली. तो कातडीच्या व्यापारात मोलमजुरी करणारा कॅनडाचा रहिवासी होता. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवले, पण जखम पूर्ण भरून आली नाही. बाहेरून थेट जठरात जाणारे एक भोक कायमचे राहिले. बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि ते किती वेळात विरघळतात हे पाहिले. १८३३ मध्ये त्यांनी ही निरीक्षणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. (एका गरीब, परावलंबी माणसावर असे वर्षानुवर्षे प्रयोग करणे योग्य होते का, हा प्रश्न आज विचारला जातो आणि तो विचारायलाच हवा.) त्या निरीक्षणांत एक गोष्ट अशी होती की, सेंट मार्टिन रागावलेला वा चिडलेला असला की त्याच्या जठराचे काम बिघडलेले दिसे.

पुढचा टप्पा क्ष-किरणांचा. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी वॉल्टर कॅनन या हार्वर्डमधील वैद्यकीय विद्यार्थ्याने त्यांचा उपयोग पचनाच्या अभ्यासासाठी सुरू केला. बिस्मथचा क्षार मिसळलेले अन्न मांजरांना द्यायचे आणि जठराच्या हालचाली पडद्यावर पाहायच्या, अशी ही पद्धत होती. जठरावरून एकामागून एक लाटा जाताना स्पष्ट दिसत. पण मांजर बिथरले, धडपडू लागले की लाटा एकदम थांबत. ते शांत झाले की त्या पुन्हा सुरू होत. कॅनन यांनी हे १८९८ मध्ये नोंदवले. संकटात शरीर 'लढा किंवा पळा' या तयारीत जाते, ही त्यांची पुढची प्रसिद्ध मांडणी. तिच्या मुळाशी मांजराच्या जठराचे हे निरीक्षणही होते.

आज यातील रसायनांची ओळख पटलेली आहे. ताण आला की मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातून 'सीआरएफ' नावाचे रसायन स्रवते. १९८१ मध्ये त्याची रचना उलगडली. या रसायनामुळे जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो, तर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. परीक्षेच्या सकाळी पोहे घशाखाली उतरत नाहीत आणि शौचाला मात्र दोनदा पळावे लागते, त्याचा उलगडा इथे होतो.

आतड्याची स्वतःची चेतासंस्था

इथपर्यंतची गोष्ट 'मेंदू हुकूम सोडतो, पोट ऐकते' अशी एकमार्गी वाटेल. पण ती तशी नाही.

१८९९ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून जाणाऱ्या चेता तोडून टाकल्या. मेंदूचा संबंध तुटला. तरीही आतड्याच्या पोकळीत दाब दिला की दाबाच्या मागचा भाग आकसे, पुढचा भाग सैल होई आणि आतला पदार्थ पुढे ढकलला जाई. १९१७ मध्ये जर्मनीच्या ट्रेंडेलेनबुर्ग यांनी तर गिनिपिगच्या आतड्याचा तुकडा शरीराबाहेर काढून कोमट क्षारद्रावणात ठेवला. आतून किंचित दाब देताच त्या सुट्या तुकड्यातही आकुंचनाची लाट उठली. पाय कापून वेगळा केला तर तो काही चालत नाही. आतडे मात्र चालते!

कारण आतड्याच्या भिंतीत त्याची स्वतःची चेतासंस्था आहे. स्नायूंच्या दोन थरांमध्ये एक आणि आतल्या अस्तराखाली एक, अशी चेतापेशींची दोन जाळी अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पसरलेली आहेत. या चेतापेशींची संख्या दहा कोटींहून अधिक आहे. मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपुढे हा आकडा लहान आहे हे खरे. पण अन्न कुठे आले, किती दाब आहे, कुठला स्नायू आकसायचा आणि कुठला सैल सोडायचा, हे सगळे ती जाळी मेंदूला न विचारता ठरवतात. इंग्लंडचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ लँगली यांनी १९२१ मध्येच हिला स्वायत्त चेतासंस्थेचा स्वतंत्र, तिसरा विभाग मानले होते. मग कित्येक दशके तिचा जवळजवळ विसर पडला. १९९८ मध्ये मायकेल गर्शन यांनी आपल्या पुस्तकाला 'द सेकंड ब्रेन', म्हणजे 'दुसरा मेंदू', असे नाव दिले आणि ती पुन्हा सर्वांच्या तोंडी आली.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. एका प्लॅस्टिकच्या नरसाळ्याला हातभर रबरी नळी बसवा. नरसाळे स्वतःच्या पोटावर ठेवायचे आणि नळीचे दुसरे टोक कानाजवळ धरून दोन मिनिटे ऐकायचे. डबा खाण्यापूर्वी एकदा आणि खाल्ल्यावर अर्ध्या तासाने एकदा. किती वेळा गुरगुर ऐकू आली ते मुलांनी वहीत मांडावे. मग विचारावे, "हे काम करायला तुम्ही आतड्याला सांगितले होते का?"

दुहेरी रस्ता

आतडे स्वतंत्रपणे काम करत असले तरी त्याचा मेंदूशी सतत संवाद चालू असतो. या संवादाची एक मुख्य वाट म्हणजे व्हेगस ही चेता. ती मेंदूच्या तळापासून निघून छातीतून पोटात उतरते. तिच्यातील तंतू मोजले गेले तेव्हा आश्चर्याची गोष्ट कळली. सुमारे ८० टक्के तंतू पोटाकडून मेंदूकडे बातमी नेणारे आहेत. हुकूम खाली आणणारे तंतू थोडे. वेदनेच्या बातम्या प्रामुख्याने दुसऱ्या वाटेने, म्हणजे मेरुरज्जूतून, वर जातात.

बातमी देण्यासाठी आतडे जी रसायने वापरते त्यांत सेरोटोनिन महत्त्वाचे आहे. मनःस्थितीशी जोडलेले मेंदूतील रसायन म्हणून हे नाव आपण ऐकलेले असते. पण शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असते! आतड्याच्या अस्तरातील काही खास पेशींवर दाब आला की त्या सेरोटोनिन सोडतात. त्यामुळे शेजारच्या चेतांची टोके उद्दीपित होतात, लाट उठते आणि वर मेंदूलाही वर्दी जाते. (आतड्यातले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, जाते ती चेतांमार्फत बातमी.) उलट्या थांबवण्यासाठी मुलांना दिले जाणारे ऑन्डान्सेट्रॉन हे औषध तुमच्या परिचयाचे असेल. सेरोटोनिनचा संदेश जिथे पोचतो त्यांपैकी काही जागा ते अडवून धरते. म्हणून उलटी थांबते, आणि म्हणूनच काहींना त्याने बद्धकोष्ठही होते.

२०१८ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील गटाने उंदरांमध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. अस्तरातील काही पेशी व्हेगसच्या तंतूंशी थेट जोडलेल्या असतात आणि साखर आल्याची बातमी सेकंदाच्याही लहानशा अंशात पुढे पाठवतात. आतड्यातील जीवाणूही या संवादात आहेत. २००४ मध्ये जपानमधील संशोधकांना दिसले की पूर्णपणे जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांत ताणाला मिळणारा संप्रेरकांचा प्रतिसाद नेहमीपेक्षा तीव्र असतो, आणि एक विशिष्ट जीवाणू लहानपणीच त्यांच्या आतड्यात सोडला तर तो सौम्य होतो. उंदरांवरून माणसांबद्दल घाईने निष्कर्ष काढू नयेत. पण जीवाणूही या संभाषणात भाग घेऊ शकतात, एवढे यातून दिसते.

आवाजाची कळ जरा जास्त फिरलेली

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आयबीएसमध्ये नेमके काय बिघडते?

हे वाचत असताना तुमच्या चष्म्याची दांडी कानामागे टेकलेली आहे, किंवा घड्याळाचा पट्टा मनगटाला लागतो आहे. मी उल्लेख करेपर्यंत ते तुम्हांला जाणवत नव्हते. त्वचेकडून बातमी जातच होती. मेंदू ती बिनमहत्त्वाची म्हणून बाजूला ठेवत होता. पोटाचेही तसेच आहे. आतडे दिवसभर ताणले जाते, वळते, वायू पुढे ढकलते. त्यातले जवळजवळ काहीच आपल्याला कळत नाही. ही गाळणी नीट चालते म्हणून आपण पोट विसरून शिकवू शकतो.

१९७३ मध्ये ब्रिटनमधील जेम्स रिची यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात एक छोटा फुगा ठेवून तो हळूहळू फुगवायचा. फुग्यात ६० मिलिलिटर हवा भरली तेव्हा आयबीएस नसलेल्यांपैकी फक्त ६ टक्के लोकांना दुखले. आयबीएस असलेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना दुखले. फुगा तोच, हवा तेवढीच!

हा विकार समजून घेण्याची किल्ली इथे आहे. आतड्यात जखम नाही, गाठ नाही, म्हणून सोनोग्राफीत काही दिसत नाही. बिघडली आहे ती संवेदनांची पातळी. ध्वनिवर्धकाच्या आवाजाची कळ जास्त फिरवून ठेवली की बोलणाऱ्याची कुजबूजही कानठळ्या बसवते. ध्वनिवर्धकाचे छायाचित्र काढले तर त्यात काही दोष दिसणार नाही. आतड्यातील चेतांची टोके जास्त हळवी होतात, मेरुरज्जूत बातमी मोठी होते, आणि वरून येणारी 'हे सोडून द्या' ही सूचना कमी पडते. १९९०च्या दशकापासून झालेल्या मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासांतही दिसले की पोटातून येणाऱ्या संवेदनांना या रुग्णांचा मेंदू वेगळा प्रतिसाद देतो. भीती, चिंता यांच्याशी संबंधित असलेले मेंदूचे भाग या वेदनेच्या जाळ्याशी जोडलेले आहेत. म्हणून चाचणीच्या दिवशी कळ आणखी फिरते. दुखणे मात्र प्रत्येक वेळी खरेच असते.

यामुळेच २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने या प्रकारच्या विकारांना 'आतडे आणि मेंदू यांच्या परस्परक्रियेतील बिघाड' असे नवे नाव दिले. पूर्वीच्या नावांतून 'रचनेत दोष नाही' एवढेच कळे आणि ऐकणारा त्याचा अर्थ 'काही झालेलेच नाही' असा घेई.

सुरुवात कोठून होते?

मे २०००. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातले वॉकर्टन हे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव. जोरदार पावसानंतर गुरांच्या शेणातील जंतू गावाला पाणी पुरवणाऱ्या विहिरीत उतरले. पाण्यात क्लोरीन पुरेसे नव्हते. ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर या जीवाणूंमुळे सुमारे २३०० माणसे आजारी पडली, ७ जण दगावले.

पुढे कित्येक वर्षे संशोधकांनी या गावातील लोकांची पाहणी केली. दोन-तीन वर्षांनी पाहिले तेव्हा ज्यांना त्या वेळी जुलाबाचा आजार झाल्याची वैद्यकीय नोंद होती, त्यांपैकी सुमारे ३६ टक्के लोकांत आयबीएसची लक्षणे होती. आजारी न पडलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होते. आठ वर्षांनंतरही आजारी पडलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के लोकांना त्रास चालूच होता. जंतू कधीच निघून गेले होते. हळवेपणा मागे राहिला होता. ज्यांना आधीपासून चिंता वा नैराश्याचा त्रास होता, त्यांना हा धोका जास्त होता. पण मूळ ठिणगी दूषित पाण्याची होती, मनाची नव्हती.

असे का होत असावे, याचा एक धागा २०२१ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेन येथील संशोधकांनी पुढे आणला. उंदरांना आतड्याचा संसर्ग झालेला असताना त्यांना अंड्यातील एक प्रथिन खायला दिले. संसर्ग बरा झाल्यावर तेच प्रथिन पुन्हा दिले तर त्यांचे आतडे दुखरे झाले. संसर्गाच्या धामधुमीत शरीराच्या संरक्षक यंत्रणेने निरुपद्रवी अन्नाचीही 'शत्रू' म्हणून नोंद केली होती, आणि तीही फक्त आतड्यापुरती. काही आयबीएस रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरातही गहू, दूध, सोया यांच्या अंशांना अशी स्थानिक प्रतिक्रिया आढळली.

मग आधी काय, मन की पोट? ऑस्ट्रेलियात सुमारे हजार लोकांची बारा वर्षांच्या अंतराने पाहणी केली गेली आणि २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुरुवातीला पोट ठीक पण मनात चिंता असलेल्या लोकांना पुढे पोटाचे असे विकार होण्याची शक्यता जास्त होती. उलट, सुरुवातीला मन स्वस्थ पण पोटाचा त्रास असलेल्या लोकांत बारा वर्षांनी चिंता आणि नैराश्य जास्त होते. रस्ता खरोखरच दुहेरी आहे. 'हे मनाचे आहे' असे म्हणून आपण त्या रस्त्याची एकच बाजू पाहतो.

उपचार दोन्ही बाजूंनी

दुहेरी रस्ता समजला की उपचारही समजतात. आतड्याच्या बाजूने पाहिले तर गहू, कांदा, लसूण, राजमा, दूध यांतील काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या मोठ्या आतड्यात आंबतात, वायू होतो, आतडे ताणले जाते. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील संशोधकांनी अशा शर्करा कमी असलेला आहार आखला आणि त्याचा अनेकांना उपयोग होतो. पण तो काही आठवड्यांचा शोध आहे, जन्मभराचे पथ्य नव्हे. वाढत्या वयाच्या आणि त्यातही शाकाहारी मुलांना तो आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

चेतांच्या बाजूनेही औषधे आहेत. अमिट्रिप्टिलिन हे जुने नैराश्यविरोधी औषध अगदी कमी मात्रेत दिले तर आयबीएसची लक्षणे कमी होतात, असे इंग्लंडमधील ४६३ प्रौढ रुग्णांच्या चाचणीत २०२३ मध्ये दिसले. ते नैराश्यासाठी दिलेले नसते, वेदनेची कळ खाली आणण्यासाठी दिलेले असते. ही गोष्ट रुग्णाला सांगितली नाही तर चिठ्ठी वाचून 'डॉक्टरांनी मला वेडा ठरवले' असे त्याला वाटते. मँचेस्टरमध्ये १९८४ साली ३० रुग्णांवर पोटाकडे लक्ष केंद्रित करणाऱ्या संमोहनाची चाचणी झाली, तिचाही स्पष्ट फायदा दिसला. २०१० मधील हार्वर्डच्या एका प्रयोगात तर ८० पैकी निम्म्या रुग्णांना 'या गोळीत औषध नाही' असे स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी त्यांपैकी ५९ टक्के लोकांना पुरेसा आराम वाटला. काहीच गोळी न दिलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. यावरून 'दुखणे खोटे होते' असा निष्कर्ष निघत नाही. वेदनेची कळ खाली आणण्याची क्षमता मेंदूत आहे, असा निघतो.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. प्रत्येक पोटदुखी म्हणजे आयबीएस नव्हे. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, ताप, वारंवार उलट्या, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे दुखणे, मुलांची वाढ खुंटणे, यांपैकी काहीही असेल तर वेगळे कारण शोधायला हवे. आपल्याकडे जंत, जिआर्डियासारखे परजीवी आणि आतड्याचा क्षय हेही लक्षात ठेवावे लागतात. निदान डॉक्टरांनीच करायचे आहे, आपण नव्हे.

तर, बाई...

शिक्षकांना विशेष उपयोगी पडेल असा एक प्रयोग शेवटी सांगतो. अमेरिकेतील लिन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. नेहमी पोट दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या मुलांना पोट गच्च होईपर्यंत पाणी प्यायला दिले. मग काही पालकांना सांगितले, 'मुलाची विचारपूस करा, दुखण्याकडे लक्ष द्या.' काहींना सांगितले, 'दुसऱ्या गोष्टी बोलून त्याचे मन रमवा.' विशेष सूचना न दिलेल्या पालकांच्या मुलांशी तुलना करता, विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या आणि मन रमवलेल्यांच्या जवळजवळ निम्म्या. कळ कोणत्या दिशेने फिरणार हे शेजारच्या मोठ्या माणसाच्या वागण्यावरही ठरते.

तेव्हा बाई, त्या मुलीला पहिली गोष्ट ही सांगा की, "तुझे दुखणे खरे आहे, यावर माझा विश्वास आहे." हे एकदाच, पण नीट सांगा. मग रोज सकाळी "आज पोट कसे आहे?" असे विचारू नका, त्याऐवजी तिला फळा पुसायला, वह्या वाटायला बोलवा. तिला दाराजवळच्या बाकावर बसवा आणि वर्गात हात वर न करता शौचालयात जाण्याची कायमची परवानगी द्या. 'जाता येईल ना?' ही धास्ती गेली तरी कळ बरीच खाली येते. शाळेचे शौचालय स्वच्छ आहे का आणि त्याला आतून कडी आहे का, हेही एकदा बघा. पालकांना भेटून सांगा की रिपोर्ट नॉर्मल येणे ही चांगली बातमी आहे. मुलगी खोटे बोलते असा त्याचा अर्थ नाही. वर सांगितलेली धोक्याची लक्षणे नसतील, तर तिला घरी पाठवण्यापेक्षा थोडा वेळ बसवून पुन्हा वर्गात आणणे चांगले.

आणि एक काम आपण सगळ्यांनीच करू. मी त्या शिबिरात लावलेला पचनसंस्थेचा तक्ता घशापासून सुरू होऊन गुदद्वारापाशी संपत होता. मेंदू त्यात कुठेच नव्हता. पुढच्या वेळी हा धडा शिकवताना फळ्यावर आतड्याच्या वर मेंदूही काढा आणि दोहोंना जोडणारी एक रेघ ओढा. तिला दोन्ही टोकांना बाण काढायला विसरू नका.